ईटनपासून सहा मिनिटांवर

गेल्या सार्वत्रिक निवडणुकीत मी ब्रिटिश संसदेसाठी मत दिलं, ते अशोकस्तंभाचा पासपोर्ट दाखवून. साताऱ्याकडच्या नातेवाइकांना हे सांगितलं की आधी त्यांचा विश्वास बसत नाही. पण राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे रीतसर व्हिसावर राहत असेल, तर त्याला संसदेसाठी मत देता येतं. 4 जुलै 2024 ची निवडणूक ही फोटो ओळखपत्र सक्तीचं झाल्यानंतरची पहिली सार्वत्रिक निवडणूक, आणि ओळखपत्रांच्या यादीत राष्ट्रकुलातल्या देशांचे पासपोर्टही होते. टेबलामागच्या बाईंनी फोटो पाहिला, माझ्या आडनावाचा जमेल तसा उच्चार केला आणि मतपत्रिका हातात दिली. इथे पेन्सिलीने फुली मारतात. शाई नाही, बोट दाखवून सेल्फी नाही. सगळं अगदी अळणी.

फुली मी मजूर पक्षापुढे मारली. 14 वर्षं हुजूर पक्षाचं राज्य होतं, त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत पंतप्रधान कॅलेंडरच्या पानांसारखे बदलले होते, दवाखान्याची अपॉइंटमेंट मिळवायची तर सकाळी आठच्या ठोक्याला फोन घेऊन बसावं लागत होतं. मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यावर एकच शब्द ठळक होता: ‘चेंज’. बदल कसला, किती, कोणाच्या पैशाने, हे आत शोधलं तर फारसं सापडत नव्हतं. तरी लोकांनी 650 पैकी 411 जागा दिल्या. मतं मात्र 34 टक्क्यांच्याही आत. मतदानच साठेक टक्के झालेलं, म्हणजे यादीतल्या दर पाच मतदारांतल्या एकानेच या सरकारला निवडलं. इतक्या मोठ्या बहुमताखाली इतकी पातळ जमीन होती, हे त्या रात्री टीव्हीवर सगळे आकडे फिरत असतानाही कोणी फार मनावर घेतलं नाही. मीही नाही.

मग अपेक्षाभंग किती वेगाने व्हावा? 29 जुलैला, सरकार येऊन महिनाही झाला नव्हता, अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी म्हाताऱ्या माणसांना हिवाळ्यात घर गरम ठेवायला मिळणारी मदत बहुतेकांची बंद केली. ऐंशीच्या आतल्यांना 200 पौंड, त्यापुढच्यांना 300. आता ती फक्त अगदी कमी उत्पन्नवाल्यांना मिळणार होती. आमच्या शेजारच्या आजी जन्मभर मजूर पक्षाला मत देत आलेल्या. नवरा चॉकलेटच्या कारखान्यात पाळीवर जायचा. त्या दिवशी कचऱ्याचे डबे बाहेर काढताना मला म्हणाल्या, ‘हे आपलेच ना गं?’ त्यांच्या त्या वाक्यात राग नव्हता, चुकीच्या घराची बेल दाबली गेल्यासारखं काहीतरी होतं. पुढच्या जूनमध्ये सरकारने निर्णय बराचसा फिरवला. आजींचं मन काही फिरलं नाही.

त्यानंतर सप्टेंबरमध्ये पंतप्रधान कीर स्टार्मर यांना मिळालेल्या भेटींचं प्रकरण निघालं. कपडे, चष्मे, आणि एका धनाढ्य लॉर्डच्या आलिशान फ्लॅटमध्ये काही आठवड्यांचा मुक्काम. किंमत वीस हजार पौंडांच्या वर. कारण काय, तर निवडणुकीच्या काळात घराबाहेर पत्रकार आणि निदर्शकांची गर्दी, आणि मुलाची दहावीच्या तोडीची परीक्षा. त्याला अभ्यासाला शांतता हवी होती. वर्तमानपत्रांनी झोडपलं. पण खरं सांगू? आमच्या मराठी ग्रुपवर या एका गोष्टीसाठी कोणी त्यांना बोललं नाही. मुलाच्या परीक्षेसाठी बापाने काहीही करावं, हे आम्हाला इतकं पटलेलं असतं की त्यात भ्रष्टाचार दिसायला वेळ लागतो.

ग्रुप पेटला तो खासगी शाळांच्या फीवरच्या व्हॅटने.

आम्ही राहतो स्लाऊमध्ये. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रोच्या विमानांखाली. कारखान्यांचं गाव, आता डेटा सेंटरचंही. 2021 मध्ये इथल्या नगरपालिकेवर ‘खर्चाला पैसे उरले नाहीत’ अशी कायदेशीर नोटीस काढायची वेळ आली होती. आणि याच गावातून एक छोटी गाडी सुटते, मध्ये एकही स्टेशन न घेता सहा मिनिटांत विंडसरला पोचते. उतरून नदीवरचा पूल ओलांडला की ईटन. सहाव्या हेन्रीने 1440 मध्ये 70 गरीब मुलांना फुकट शिकता यावं म्हणून काढलेली शाळा. आजवरचे 20 ब्रिटिश पंतप्रधान तिथे शिकले, आणि आज व्हॅट धरून वर्षाची फी 60 हजार पौंडांच्या वर आहे. शेपटीचा कोट घातलेली मुलं रस्ता ओलांडताना दिसतात. आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही त्यांना राजवाडा दाखवतो आणि मग ही मुलं दाखवतो.

1 जानेवारी 2025 पासून या सगळ्या शाळांच्या फीवर 20 टक्के व्हॅट लागला. इंग्लंडमधली सहा-सात टक्के मुलं खासगी शाळेत जातात. साध्या, वसतिगृह नसलेल्या शाळेची सरासरी फी त्याआधीच वर्षाला 18 हजार पौंडांच्या आसपास होती. सरकारचं म्हणणं सरळ होतं: इथून दरवर्षी दीड अब्ज पौंडांच्या पुढे रक्कम येईल, ती सरकारी शाळांना देऊ, 6,500 नवे शिक्षक नेमू.

आमच्या ओळखीच्या एक वहिनी आहेत, पुण्याच्या. दोघं नवराबायको नोकरी करतात, घर भाड्याचं, गाडी जुनी, दोन मुली फीच्या शाळेत. व्हॅटची बातमी आल्यावर त्यांचा फोन आला. ‘अगं, आम्ही काय ईटनवाले आहोत का? सुट्टीत भारतात जायचं आम्ही दोन वर्षांतून एकदा केलंय. आणि आम्हाला म्हणे श्रीमंत!’

‘वहिनी, पण वर्षाला दोघींचे छत्तीस हजार भरणारं घर इथे किती जणांचं असतं?’

‘ते खरं गं. पण आम्ही ते खातो-पितो त्यातून काढतो.’

त्यांचं चुकत नव्हतं आणि तरी मला ते पटत नव्हतं. पुण्यात त्यांनी मुलींची शाळा पाण्याच्या फिल्टरसारखी घेतली असती. नळाला पालिकेचं पाणी येतंच, चांगलंही असेल, पण ते तसंच कोण पितं? त्यात कोणाला खालचं लेखणं नाही, वरचं मिरवणं नाही, निदान असं आपल्याला वाटतं. इथे मात्र फी भरणं हे जातीचा दाखला काढण्यासारखं आहे. माझ्या ऑफिसातला एक इंग्रज सहकारी, अत्यंत मोकळा माणूस, घटस्फोटाचीही हकिगत चहाच्या वेळी सांगतो; पण मुलगा कुठे शिकतो विचारल्यावर खुर्चीत सरकला. ‘लोकल’ म्हणाला आणि मग आवाज खाली आणून, ‘खासगीच आहे खरं तर, पण छोटीशी आहे.’ छोटीशी! मराठी माणसाने शाळेचं नाव, बसची फी आणि स्विमिंग पूलची लांबी एका दमात सांगितली असती.

हा संकोच वरवरचा नाही. बड्या शाळांचं काय करायचं हा मजूर पक्षाचा जुना ठणका आहे. युद्धानंतरच्या त्यांच्या सर्वांत मोठ्या सरकारचे पंतप्रधान ॲटली हे हेलीबरीचे विद्यार्थी, आणि त्यांना शाळेचा अभिमान होता. (त्याच आवारात आधी ईस्ट इंडिया कंपनीचं कॉलेज होतं. आपल्याकडचे कितीतरी साहेब तिथून तयार होऊन आले. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर त्यांतले एक.) त्या सरकारने रुग्णालयं राष्ट्राची केली, कोळसा खाणी केल्या, रेल्वे केली, शाळांना हात लावला नाही. 1983 च्या जाहीरनाम्यात पक्षाने फीवर व्हॅट लावू असं लिहिलं होतं, आणि ती निवडणूक ते दणकून हरले. त्यानंतर ब्लेअर आले, तेरा वर्षं मजूर पक्षाची सत्ता राहिली, आणि व्हॅटचं कोणी नाव काढलं नाही. 41 वर्षांनी ते वचन एका अशा पंतप्रधानाने पाळलं, ज्याची स्वतःची शाळा तो शिकत असतानाच सरकारी ग्रामरची, म्हणजे परीक्षेने प्रवेश देणाऱ्या फुकट शाळेची, खासगी झाली. आधीपासून असलेल्या मुलांना फी लागली नाही, म्हणून तो तिथेच राहिला. त्याच बाकांवर नंतर बसलेल्यांच्या आईबापांना पैसे मोजावे लागले. मला हा तपशील त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त सांगून जातो.

तर व्हॅटला माझा पाठिंबा होता आणि आहे. ग्रुपवर मी तसं लिहिलंही. उत्तरादाखल दोन अंगठे आले, बाकी शांतता. पण माझी या सरकारवरची नाराजी वहिनींच्या नाराजीच्या नेमकी उलट्या बाजूने आहे, आणि ती समजायला स्लाऊच्या ग्रामर शाळांकडे यावं लागेल.

इंग्लंडमध्ये आता 163 ग्रामर शाळा उरल्यात. सरकारी, फुकट, पण प्रवेश परीक्षेने. त्यातल्या चार स्लाऊमध्ये, आणि भारतीय कुटुंबं इथे येऊन राहण्याचं ते एक मोठं कारण. दहा वर्षांची मुलं सप्टेंबरमध्ये परीक्षेला बसतात, 111 गुण मिळाले तर पात्र. पहिल्यांदा त्या परीक्षेची सरावपुस्तिका उघडली तेव्हा मी हसत सुटले. आकृत्यांची मालिका, विसंगत पद ओळखा, सांकेतिक भाषेत शब्द कसा लिहाल, आरशातली प्रतिमा. ही तर आमची बुद्धिमत्ता चाचणी! चौथीच्या स्कॉलरशिपला शाळा सुटल्यावर जादा तास व्हायचे, गाईडची पानं सुटेपर्यंत आम्ही हेच सोडवायचो. नवऱ्याने तर उत्तरं न बघता पंचवीस प्रश्न सोडवून दाखवले आणि दिवसभर कॉलर ताठ ठेवून फिरला.

मग कळतं की इथे जादा तास शाळेत होत नाहीत. ते विकत घ्यायचे. आठव्या वर्षापासून मुलं शनिवारी सकाळी ट्यूशनला जातात, कोणी आठवड्यातून दोनदा. तासाला चाळीस-पन्नास पौंड घेणारे सर आहेत, त्यांच्याकडे नाव लावून थांबावं लागतं. सुट्टीत सराव परीक्षा, त्याची वेगळी फी. ज्या आजींच्या नातवाला हे कोणी घेऊन दिलं नाही तो कितीही चुणचुणीत असो, त्या आकृत्या पहिल्यांदा परीक्षेच्या हॉलमध्ये बघतो. ग्रामर शाळांत फुकट जेवणाला पात्र ठरणारी गरीब घरची मुलं कमी का असतात, याचं गूढ उकलायला समिती नको.

आणि आता गंमत. भारतात शाळेच्या फीवर जीएसटी नाही. कोचिंग क्लासवर 18 टक्के आहे. इंग्लंडमध्ये आता शाळेच्या फीवर 20 टक्के व्हॅट. आणि एकट्याने घरी शिकवणाऱ्या सरांच्या ट्यूशनवर, विषय शाळेतलाच असेल तर, शून्य. दोन्ही देशांनी एकेक दार बंद केलं आणि दुसरं उघडं ठेवलं. मध्यमवर्गाला कुठलं दार उघडं आहे हे कोणी सांगावं लागत नाही. ज्यांना ग्रामरचा भरवसा नाही ते चांगल्या सरकारी शाळेच्या हद्दीत घर घेतात; त्या दोन गल्ल्यांतली घरं पलीकडच्या गल्लीपेक्षा महाग असतात, आणि तो फरक फी म्हणून कुठेच नोंदला जात नाही. माझ्या त्या संकोची सहकाऱ्याची बायको ‘आम्ही तत्त्व म्हणून सरकारी शाळाच निवडली’ असं म्हणणाऱ्या आपल्या मैत्रिणींवर का चिडते ते मला आता समजतं. तिच्या मैत्रिणींनी फी भरलीच आहे. ती घराच्या कर्जाच्या हप्त्यात आहे.

मी शिकले सातारा जिल्ह्यात, रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत. संस्था खासगी, शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून, मुलींना फी माफ. गावातल्या डॉक्टरांची मुलगी आणि वडापवाल्याची मुलगी एका बाकावर. हे मी गहिवरून सांगत नाही. त्या बाकावरून आम्ही सगळ्याच उठलो आणि आपापल्या मुलांना वेगळीकडे घातलं. डॉक्टरांच्या घरातलं पुढचं लहान मूल तर तेव्हाच साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत गेलं होतं. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं: कर भरते रयत, आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, आधी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. दीडशे वर्षं होत आली. 9 फेब्रुवारी 2024 ला महाराष्ट्र सरकारने अधिसूचना काढली की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेने गरीब मुलांसाठी 25 टक्के जागा ठेवायची गरज नाही. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि जुलैत ती रद्दच केली. तोच जुलै, ज्यात मी फुली मारली. इंग्लंडच्या व्हॅटवर रात्री बारापर्यंत लिहिणाऱ्या आमच्या ग्रुपवर या निकालाबद्दल अवाक्षर नव्हतं. बहुतेकांची भाचरं तिकडे अशाच शाळांत आहेत.

इथे सरकारकडून मला हवं होतं ते एवढंच की पैसा जिथे जाईल म्हटलं तिथे जाताना दिसावा. शिक्षणमंत्री ब्रिजेट फिलिपसन स्वतः गरिबीत वाढलेल्या, शाळेत फुकट जेवण घेतलेल्या. खासगी शाळांच्या उंची, नक्षीदार लेटरहेडपेक्षा सरकारी शाळांना शिक्षकांची जास्त गरज आहे, असं त्यांनी सोशल मीडियावर लिहिलं. टाळ्यांचं वाक्य होतं. वहिनी त्यावर आठवडाभर धुमसत होत्या, कारण त्यांच्या मुलींच्या शाळेत लेटरहेड नव्हतं, गळका हॉल होता. मलाही ते आवडलं नाही, वेगळ्या कारणाने: ज्यांच्याकडे खरोखर नक्षीदार लेटरहेड आहे त्या शाळांना व्हॅटच्या नियमांनुसार आपल्या बांधकामांवर भरलेला व्हॅट बराच परत मागता येतो. हॉल गळका असलेल्या शाळेने बांधलंय काय, की परत मागावं? ईटनची रांग काही तुटली नाही.

मग 6,500 शिक्षकांचं वचन. त्यातून पुढे प्राथमिक शाळा वगळल्या गेल्या. मोजायचं ते माध्यमिक, विशेष शाळा आणि कॉलेजं. पहिल्या मोजणीत शिक्षकांची एकूण संख्या किंचित घटलेली निघाली. ती मोजणी नोव्हेंबरची, म्हणजे व्हॅटच्या आधीची, हे खरं. एका हिवाळ्यात शिक्षक उगवत नाहीत हेही खरं. पण जून 2025 मध्ये पंतप्रधानांनी लिहिलं की खासगी शाळांवर व्हॅट लावण्याच्या निर्णयामुळे आपण परवडणाऱ्या घरांमध्ये एवढी मोठी गुंतवणूक करू शकलो. घरं? आम्ही तर शिक्षक समजून बसलो होतो. घरंही हवीतच. पण एकच पैसा दोन लग्नांत आहेर म्हणून लिहिला की दोन्हीकडचे यजमान तोंडाकडे बघतात.

खासगी शाळांतून किती मुलं गळाली यावर दोन्ही बाजू भांडत बसल्या आहेत. जानेवारी 2025 मध्ये इंग्लंडमधल्या खासगी शाळांत आधीच्या वर्षापेक्षा सुमारे 11 हजार मुलं कमी होती, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. एका बाजूला हे संकट, दुसऱ्याला जन्मदर घटल्याचा परिणाम. व्हॅटविरुद्ध इथल्या उच्च न्यायालयात गेलेले पालक जूनमध्ये हरले. आकाश कोसळलं नाही आणि सरकारी शाळेत सोन्याची कौलंही चढली नाहीत. माझ्या मुलाच्या मित्राचा मोठा भाऊ इथल्या साध्या माध्यमिक शाळेत आहे. त्याला गणिताला वर्षभर बदली शिक्षकच येत होते. त्याची आई हॉस्पिटलात सफाईचं काम करते. व्हॅट तिच्यासाठी लावला गेला होता, आणि तिला तो लागल्याचं माहीतही नाही.

आमच्या तरुण मंडळींची नाराजी तर शाळेपर्यंत पोचलीच नाही. मे 2025 मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली: कायमच्या वास्तव्याची परवानगी पाच वर्षांऐवजी साधारण दहा वर्षांनी. त्याच महिन्यात स्थलांतराला विरोध करणाऱ्या रिफॉर्म पक्षाने स्थानिक निवडणुकांत दहा नगरपालिका-काउंटी ताब्यात घेतल्या होत्या. घाई कशाची होती ते उघड आहे. ज्या पोरांनी माझ्यासारखाच पासपोर्ट दाखवून त्यांना मत दिलं, त्यांची घरं, गर्भारपणं, शाळा-प्रवेश सगळं पुढे ढकललं गेलं. त्यांच्यातला एक म्हणाला, ‘ताई, फीवर वीस टक्के लावले तर लावले, माझ्या आयुष्यावर शंभर टक्के लावलेत.’

मध्यंतरी एका रविवारी मजूर पक्षाचा कार्यकर्ता दारात आला. तिशी-पस्तिशीचा, छातीवर लाल फितीचं फूल, हातात फोनवरचं ॲप. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणता वाटतो, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, शाळा. त्याचा चेहरा उजळला. व्हॅट, सकाळच्या न्याहारीचे क्लब, 2026 पासून आणखी मुलांना फुकट जेवण, असं त्याने सांगितलं. ते ऐकून मला बरंच वाटलं, कारण ती कामं खरंच चांगली आहेत आणि कोणी ती धड सांगत नाही. मग मी बदली शिक्षकांचं काढलं. ‘वेळ लागतो,’ तो म्हणाला. खोटं नव्हतं.

‘तुमची मुलं कुठे शिकतात?’

‘मुलगी आठ वर्षांची आहे. इथेच, प्राथमिकला.’ थोडं थांबून म्हणाला, ‘पण आम्ही घर बघतोय. बकिंगहॅमशायरमध्ये.’ तिथे जिल्हाभर ग्रामर शाळा आहेत. तो चळवळीतला, तत्त्वाने ग्रामरच्या विरोधात असणार, हे आम्ही दोघंही जाणून होतो. आठ वर्षांची म्हणजे उशीरच झाला, असं मी त्याला सांगितलं. माझ्याकडे आमच्या शनिवारच्या सरांचा नंबर होता. एकटेच शिकवतात, व्हॅट लागत नाही. हवा का म्हणून विचारलं, तर त्याने ॲप बंद केलं आणि नंबर लिहून घेतला.